सुरुंगाआधीचं वाक्य

आई, आपल्या वडारी बोलीत बायबल आणायचं काम मी करते, विश्रामबागेतल्या एका खोलीत बसून. तुला हे खरं वाटणार नाही. बाजारात गेलं की तू आम्हाला ही बोली बोलू द्यायची नाहीस. "मराठीत बोल गं, लोकं बघत्यात," म्हणून चिमटा काढायचीस. आता तीच बोली छापायची आहे.

अडलंय एका वाक्यावर. देवदूताला बघून मेंढपाळ घाबरतात, तो म्हणतो, भिऊ नका. आपल्यात असं कोण म्हणतं गं? खाणीत सुरुंग उडायच्या आधी तू मला दगडामागं ओढायचीस, माझे कान दोन्ही हातांनी दाबायचीस आणि म्हणायचीस, "माझ्या आड बस, मी आहे." सगळ्याच बाया आपापल्या पोरांना हेच म्हणायच्या. मी तेच लिहिलं.

छापण्याआधी मजकूर वस्तीत वाचून दाखवावा लागतो, कुणाला काय कळलं ते बघायला. काल कराडजवळच्या आपल्या वस्तीत वाचला. देवदूत बोलला आणि पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी पटापट कान झाकले! मावशीनं मानही खाली घातली. मग एक हात काढून म्हणाली, "आगं, सुरुंग कुठं लावलाय?" मागच्या पोरी खिदळल्या, त्यांनी खाणीत फक्त मशिनं पाहिलीत. मला हसू येईना. ज्यांना धीर द्यायचा त्यांनाच मी घाबरवलं होतं, आणि पोरींना तर काहीच पोचलं नव्हतं.

भाषांतर तपासणारे सर सोबत होते, ते म्हणाले, "बाई, बदला. सोमवारी छापखान्यात द्यायचंय." निघताना मावशीला विचारलं, बदलू का? "नगं," ती म्हणाली. "कान झाकलं, पर भ्या न्हाई वाटलं. आपलं मानूस जवळ हाय, येवढं कळलं." तरी रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जन्मभर टिकणारं पुस्तक, आणि चुकलं तर चूकही जन्मभराची.

त्यात एक नवीनच लागून राहिलंय. तुझे दोन्ही हात माझ्या कानांवर असायचे, मग तुझे कान? म्हातारपणी तुला ऐकू येईना, तेव्हाही हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं आणि शेवटी ऐकूही येत नव्हतं, आणि आता तर तूच नाहीस, म्हणून हे नुसतं लिहून ठेवते. सरांना मी सांगितलंय, याला आपल्या बोलीत दुसरा शब्द नाही. शोधला तर सापडेल गं. पण ते वाक्य मला कुणाच्या तरी तोंडून पुन्हा ऐकायचं आहे.