ओटा वाचला!

ती. वन्संना शि. सा. न.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि या खेपेला ते नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? (थांबला नसला तरी पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, हसून हसून मोकळा होईल.) मुख्य बातमी आधी सांगते, मग पाल्हाळ. मी जिंकले! शेगडी पेटली आहे आणि तुमचे बंधू दुसऱ्यांदा भाजी मागताहेत.

तुम्ही भावावरच्या मायेने जीवनसत्त्वांच्या गोळ्या पाठवल्यात. यांनी वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचलं (माझी सामानाची चिठ्ठी वाचायला मात्र चष्मा सापडत नाही) आणि जाहीर केलं, की माणसाला लागतं ते सगळं यात आहे, तेव्हा स्वयंपाक म्हणजे वेळेची आणि जागेची नासाडी. जागेची! मी तिथेच ओळखलं. पुढच्या खोलीतल्या दुकानात दोन शिलाई मशिनं आणि कापडाचे गठ्ठे, मुंगीला शिरायला वाव नाही. तिसऱ्या मशीनसाठी यांचा डोळा माझ्या ओट्यावर. एका सकाळी टेप लावून ओटा मोजताना रंगेहाथ सापडले. मी म्हटलं, महिनाभर गोळ्यांवर राहून दाखवा, राहिलात तर ओटा मीच फोडून देते. बोलून गेले खरी, पण वन्सं, रात्री डोळा लागला नाही हो. या घरात माझं म्हणून दुसरं आहे काय?

आणि हे राहिले की! सकाळी मूठभर गोळ्या (चहाबरोबरची बिस्किटं धरायची नाहीत, हा नियम त्यांचाच), आणि वर तरतरी अशी की गिऱ्हाइकांना दंड फुगवून दाखवायचे. मी आपली एकटी ताटाशी हिरमुसून बसायची.

तेवढ्यात नाटक कंपनीचं काम आलं. राजाचा अंगरखा, छातीभर सोनेरी काचेचे मणी डिंकाने चिकटवायचे. मण्यांचा डबा आणि तुम्ही पाठवलेल्यांतल्या, तशाच सोनेरी, माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा डबा, दोन्ही बिस्किटांचे जुने, एकाच फळीवर. यांचा चष्मा कपाळावर. राजा सिंहासनावर बसला, दिव्यांच्या झळीने छातीवरचे मणी एकेक करून पाझरायला लागले, आणि थिएटरातली मांजर भर दरबारात महाराजांच्या मांडीवर चढून अंगरखा चाटायला लागली. प्रधानाने पुढचं भाषण नाक धरून म्हटलं. लोकांनी वन्स मोअर दिला!

हे मात्र हसले नाहीत, पांढरेफटक पडले. अंगरख्यावर गोळ्या, तर मग पोटात काय? डॉक्टरीणबाईंनी पोटाचा फोटो काढला, तर आत मणी! ज्या तरतरीने दंड फुगवत होते ती काचेची होती, वन्सं! बाई म्हणाल्या, गुळगुळीत आहेत, आपोआप पडतील, पण पालेभाजी, डाळ, फळं भरपूर खा. म्हणजे गोळ्यांचा घोळ शेवटी माझ्या पालकानेच निस्तरला. मणी सगळे बाहेर आले. (राजाला नवेच लावले, शंका नको.) टेप मुकाट्याने दुकानात परत गेली.

तुमची विजयी भावजय

ता. क. यांचा फोटो निघत होता तेव्हा बाईंनी माझ्या पापण्या ओढून पाहिल्या आणि माझंही रक्त घेतलं. यांचं ठणठणीत. माझ्यात लोह नाही, बी-बारा नाही, आणि ड तर औषधालाही नाही. काय खाता, म्हणाल्या. मी म्हटलं, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. जेवणाऐवजी नव्हे, जेवणासोबत, आणि आधी स्वतःचं ताट वाढून घ्या असं वर बजावलं. तुमच्या गोळ्या मी विजयाच्या भरात शेजारणींना वाटून टाकल्या. इथला औषधवाला यांचा पत्त्यांतला भिडू, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हा पत्रामागे गोळ्यांची नावं लिहिली आहेत, तेवढ्या पाठवा.

ता. ता. क. पार्सलवर 'गोळ्या' लिहू नका, टेप पुन्हा बाहेर येईल. 'मणी' तर मुळीच नको. 'डाळ' लिहा.

ताई, हिने पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं. चष्मा लावून वाचलं. मशीन राहू दे, दोन पुरेत. आजपासून हिचं ताट मी वाढतो. गोळ्या लवकर पाठव. वर डाळच लिही, मी ओळखणार नाही.