छतातलं विष

२२ ऑक्टोबर २००१
आज पुन्हा साहेबांपुढे हात जोडले. क्वार्टरांचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे जुने झाले, भुरभुरून राहिले. तो भुसा श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतो, वीस-तीस वर्षांनी माणूस खातो. पत्रे बदलत नाही तर निदान रंगाचा थर द्या, दर महिन्याला पाहणी ठेवा, म्हटलं. साहेब फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "नीलकंठजी, पहले राज्योत्सव तो निपटने दो."
नवं राज्य होऊन वर्ष होत आलं, आमचं शहर राजधानी झालं, भोपाळहून रोज नवीन बिऱ्हाड उतरते. सगळे त्याच पत्र्यांखाली. आम्हीपण. इंदूले घरी काही बोललो नाही. तिचं मन भित्रं आहे, आमच्या पोट्टीले, श्रावणीले घेऊन माहेरी निघून जाईल.

२७ ऑक्टोबर
काल दसरा झाला. आता दिवाळीची सफाई! बाया स्टुलावर चढतील, तारेच्या ब्रशनं पत्र्याची काजळी घासतील. कोरडं घासलं की संपलंच.

३ नोव्हेंबर
राज्योत्सव निपटला. साहेब सुट्टीवर.

५ नोव्हेंबर
साहेब गेले खड्ड्यात. आज मीच पाऱ्यात, आपल्या मोहल्ल्यात, दारोदार फिरलो. आधी फुप्फुस, भुसा असं समजावून पाहिलं. बाया हसल्या. एकीनं चहाच पुढे केला. मग डोकं फिरलं, सरळ ओरडलो — तुमच्या छतात विष आहे, पोरं मरतील! चेहरे उतरले. शेजारच्या सुशीलाताई पदर तोंडाले लावून म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, सांगितलं." किती दिवसांनी कोणीतरी ऐकलं. डोळ्यात पाणीच आलं. उद्या अभनपूरच्या कामावर जायचं आहे, पण आता जिवाले जरा शांत वाटते.

९ नोव्हेंबर
अभनपूरहून आलो. पूर्ण पारा पांढरा. दारात ब्रश, स्टूल, बादल्या. आमच्या घरात इंदू वर हात करून घासून राहिली होती, अन् खाली श्रावणी दोन्ही हातांनी भुसा सुपात भरत होती. केस, पापण्या, सगळं पांढरं.
इंदू म्हणाली, "सुशीलाताईनं सांगितलं, छतात विष आहे. मले काहून नाही सांगितलं तुम्ही? सगळ्यांनी मिळून दिवाळीच्या आत काढून टाकलं."
हात लावू नका, हे मी कोणालेच म्हटलं नव्हतं. वाटलं, विषाले कोण हात लावते.