कडी काढलेलं दार

प्रिय डोलोरेस,

तू मेलबर्नला पोचल्यावर फोनवर मी नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आज सगळं लिहिते. फोनवर हे बोलायला जीभ रेटत नाही.

आईच्या घराचं प्रकरण तुला ठाऊकच आहे. शेजारचा बिल्डर तिच्या भिंतीला लागून दोन मजली तळघर खणणार आणि आपली विहीर जाणार. या वयात बाई न्यायाधिकरणापुढे उभी राहिली! शेवटच्या रविवारीसुद्धा, दर रविवारसारखा ससा शिजवता शिजवता, त्या बिल्डरला शिव्या घालत होती. ती गेल्यावर निकाल आला, तो तिच्या विरुद्ध. तो हातात पडल्यापासून वीस दिवसांत कोर्टात अपील करायचं होतं. आपण केलं नाही, कारण आपल्याला पत्ताच नव्हता.

आई गेली त्या संध्याकाळी दार वाजवायची ती पितळी माशाची कडी मीच काढली, आठवतं? गेलेल्या माणसाच्या दारावर चाळीस दिवस थाप पडायला नको, ही आपली रीत, म्हणून. कुलूप लावलं, किल्ली आणि रुमालात बांधलेली कडी माझ्या कपाटात ठेवली. टपालाचं काय, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मूर्ख कुठल्या आपण!

चाळीस दिवस सरल्यावर मी दार उघडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर निकालाचं पाकीट होतं, फोडलेलं. त्यावर आईचा चष्मा. चष्मा तिच्याबरोबर शवपेटीत ठेवते, असं तूच म्हणाली होतीस ना गं?

वकीलबाई मिकालेफ म्हणाल्या, घाबरू नका, उशिराचं कारण पटलं तर कोर्ट मुदत वाढवून देतं. निकाल कोणाला मिळालाच नाही, असं सांगू. मग टपालाची पोच आली. आई गेल्यानंतरच्या अकराव्या दिवसाची, आणि तिच्यावर आईची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी चौकटीबाहेर गेलेली, अगदी तशीच. वकीलबाईंना वाटलं, मीच केली. त्यांनी असं काही पाहिलं माझ्याकडे की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तडक टपालवालीला गाठलं. बोटीपलीकडच्या मोठ्या बेटावरून बदलून आलेली नवी पोर, आपल्या गोझो बेटावर कोणाला ओळखत नाही. म्हणाली, ‘काकू, मी माशाच्या कडीने तीनदा वाजवलं. काळ्या कपड्यातल्या आजींनी दार उघडलं आणि मलाच झापलं, इतका उशीर? चालत आलीस की रांगत?’ जुन्या पोस्टमनला, वेन्झूला, आई रोज हेच विचारायची. घरी येऊन मी कपाट उघडलं. कडी रुमालात होती. गाठही मी मारली होती तशीच होती.

दोन तारखेला मुदतवाढीच्या अर्जाची सुनावणी आहे. मुदत मिळाली नाही, तर तीन तारखेला विहिरीवर मशीन चढेल. मृत्यूचा दाखला आहे, पण डॉक्टरांनी तो दारातूनच लिहून दिला होता. आता सही आईचीच दिसते म्हटल्यावर शेवटी तिच्याजवळ कोण होतं, त्याचं शपथपत्र वकीलबाईंना हवंय. तूच होतीस. मी पाद्रीबाबांना आणायला गेले होते. परतले, तर तू चादर तोंडावरून ओढलेली. तुझं विमान होतं, दुसऱ्याच दिवशी पुरलं आपण तिला. तू मला चादर उचलू दिली नाहीस आणि मी हट्ट धरला नाही, त्याचं आता वाईट वाटतं. तर डोलोरेस, शपथेवर लिही की आईचे डोळे तू मिटलेस आणि ते मिटलेलेच राहिले. खरं असेल तरच लिही. नसेल, तर विहीर गेली चुलीत, कोर्टाला काही कळवू नकोस, मला एकटीला कळव. काल रविवार होता. मी आईच्या दारापर्यंत गेले, तर आतून ससा शिजल्याचा वास येत होता. किल्ली हातात होती, पण मी तशीच मागे फिरले.

तुझीच,
जूझा