एरंडाची पानं उलटताना

अहो,

आज सकाळी मी विहिरीच्या कोपऱ्यावर तुमची वाट बघत थांबले. चांगला बराच वेळ! तुम्ही गेलात हे डोक्याला कळतंय, पण पायांना कोण सांगणार? तशीच घरी आले आणि लिहायला बसले.

सोयाबीनच्या कडेनं एरंड लावायचं खूळ तुमचंच. एरंडाचं रुंद पान मिळालं की पतंगाची मादी सोयाबीन सोडून त्यावरच अंडी घालते, म्हणून. "लई चोखंदळ हाय ती," तुम्ही सांगायचात. "पायांनी पान चाखून बघती, मगच घालती. सोता पानाला तोंड लावत न्हाई, सगळं लेकरांसाठी! तू मला असं पारखून घेतलंस का गं?" कशाचं पारखणं! उदगीरला मला बघायला आलात तेव्हा मी मानसुद्धा वर केली नव्हती.

रोज सकाळी तुम्ही तिकडून, मी इकडून, एकेक पान उलटत निघायचो. पाठीमागं भुऱ्या लवेनं झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला की ते पान तोडून ओच्यात. विहिरीवर भेटून सगळी पानं जाळायची, मग चहा. तेवढ्यात तुमच्या किती गप्पा व्हायच्या! आता दिवसभर कोणी बोलत नाही हो माझ्याशी.

तुम्ही गेल्यावर जलदानविधी होईपर्यंत मी शेतात पाऊल टाकलं नाही. गेले तर एरंडाच्या पानांची नुसती जाळी झालेली आणि अळ्या सोयाबीनमध्ये उतरलेल्या. पतंगांना आपणच बोलावून घेतलं की! पानं उलटायला माणूस नसेल तर एरंड म्हणजे त्यांचं माहेरच. दोघांचं काम मांडून असं एकटीला सोडून जातात का? लई राग आला तुमचा. बांधावर बसून मोठ्यानं रडले.

आपला सचिन फोनवर म्हणतो, "आई, उपटून टाक ते एरंड. शेत बटईनं दे अन् पुण्याला ये." लेकरू मायेनंच म्हणतंय. पण तिथं सकाळी उठून मी कोणाच्या दिशेनं चालू?

नाही जात मी. औषध मारून घेतलंय, निम्मं सोयाबीन तरी हाती लागेल. एरंडही राहील. इतक्या वर्षांत तुमच्या बाजूनं मी कधी चाललेच नव्हते. उद्या तिकडून निघेन. विहिरीवर पोचेन तेव्हा समोरून कोणी येणार नाही, ठाऊक आहे. तरी तिथं थांबणार नाही. पुढं माझी बाजूही मीच उलटेन. एकही पान सोडणार नाही, शब्द देते.

तुमची,
सुमन