डॉक्टरांची गाडी

३ मे
बायकोला मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळाली. शाळा गावाबाहेर, तिकडे बस जात नाही. एक जूनला हजर व्हायचं, नाहीतर पद दुसऱ्या कुणाला तरी. म्हणजे गाडी हवी. जुनी चालेल. शोधायची जबाबदारी मी घेतली. ती म्हणाली, बघा जमलं तर. हे ‘जमलं तर’ मला अजिबात आवडलेलं नाही.

५ मे
साडू, म्हणजे बायकोचे ते ‘भाऊजी’, न बोलावता आला. जन्मात दोन जुन्या गाड्या घेतल्या म्हणून स्वतःला कोण समजतो कोण जाणे. म्हणे, इंजिन थंड असताना सुरू करून बघा. वाकून खालचा गंज बघा. चारही टायर सारखे झिजलेत का बघा. अपघात लपवायला नवा रंग मारलाय का बघा. मेकॅनिक बरोबर न्या. यातलं मी एकही करणार नाही.
संकल्प : माणूस बघून गाडी घ्यायची.

१० मे
पहिली गाडी. बरी होती. मालक उद्धट. मला बॉनेट उघडायचा खटका सापडेना, तर हसला. अशा माणसाची गाडी फुकट दिली तरी नको.

१४ मे
दुसरी गाडी. मालकीणबाईंनी आजवर काय काय बिघडलं आणि काय काय बदललं ते स्वतःहून सांगितलं, पावत्यांसकट. एवढ्या बिघडणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक मिळणार तरी कसं? साडू म्हणाला, अहो, तीच घ्यायची होती. बायकोसमोर म्हणाला. माझं डोकं सणकलं.

१५ मे
साडूशी बोलणं बंद. त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

२० मे
मिळाली. जाहिरातीतच लिहिलं होतं, ‘डॉक्टरांची गाडी’. डॉक्टर म्हणजे टापटीप, सावकाश चालवणार. दलाल अतिशय नम्र. म्हणाला, साहेब, तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला गाडीतलं कळतंच. शेवटी कुणीतरी ओळखलं. मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं, मला ताटकळायला नको म्हणून. एवढा विचार सख्खी माणसं करत नाहीत. व्यवहार पुरा केला.

२१ मे
बायकोला फिरवून आणलं. मागचं दार आतून उघडत नाही. सुरक्षेची सोय असावी.

२३ मे
सकाळी सुरू होईना. हवा दमट आहे. शेजाऱ्यांनी ढकलली. त्यात हसण्यासारखं काय होतं?

२६ मे
भर चौकात बंद पडली. मागचे सगळे हॉर्न वाजवत सुटले, जणू मी हौसेने उभा होतो. ओढत गॅरेजला नेली. गॅरेजवाला एक चक्कर मारून म्हणाला, ही डॉक्टरची दिसतेय. मी म्हणालो, अर्थात. तो म्हणाला, मेलेल्या गाड्या उठवतो ना, म्हणून आम्ही सगळे त्याला डॉक्टर म्हणतो. आठवडाभर चालतात त्याच्या गाड्या.
दलाल फोन उचलत नाही. त्याला सोडणार नाही. साडूलाही सोडणार नाही. एवढे सल्ले दिले, पण डॉक्टर कसला ते विचारा, हे काही सांगितलं नाही.

२९ मे
गाडी गॅरेजमध्येच. बायकोला म्हणालो, काहीतरी करतो, बढती सोडू नकोस. ती बॅग भरत होती. म्हणाली, शाळेजवळ खोली घेतलीय, सुट्टीला येत जाईन. मी भडकलोच. म्हणालो, गाडी बंद पडायचा अवकाश, लगेच खोली घेऊन मोकळी झालीस? ती म्हणाली, आत्ता नाही घेतली. तुम्ही गाडी शोधतो म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी घेतली.
हे ती अजिबात न चिडता म्हणाली.

३१ मे
साडू त्याच्या गाडीतून तिला सोडायला गेला. मीही निघालो होतो, पण बॅगा भरल्यावर जागा उरली नाही. घरात येऊन दलालावर चिडून बघितलं. साडूवर चिडून बघितलं. राग येत नाही, नुसतं वाईट वाटतंय. संध्याकाळी तिचा फोन आला, पोचले म्हणून. मी म्हणालो, रविवारी गाडी घेऊन तुला आणायला येतो. म्हणाली, नको, भाऊजी आणणार आहेत, ते कधीच ठरलंय.