धाकट्याचं बोट

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला बसलो की काहीतरी निघतंच. काल बसलो, तर खालच्या लाँड्रीवालीचं मांजर खिडकीतून आलं आणि कागदावरच पसरलं. एक कान नाही त्याला. कुठे गेला विचारलं तर लाँड्रीवाली म्हणते, तुला काय करायचंय? असो, मांजर राहू दे.

मी बरा आहे. दीड वर्ष एका जागी टिकलोय, म्हणजे तू म्हणायचीस ती पायाची भिंगरी जरा थांबलीय. आमच्या कारखान्यात पिनबॉलची मशीन जोडतात, हे तुला माहीत आहेच. मी फळीवरच्या खुंट्यांना रबरी कड्या चढवतो. शेजारी वायरी जोडणारी एक म्हातारी आहे, तिला सगळे आत्या म्हणतात. ती म्हणते, "गोळी कितीही नाचू दे रे, शेवटी खालच्या भोकातच जायची."

गेल्या वर्षी इथे टाळंच लागायचं होतं. नवी मशीन कोणी घेईना, आठवड्यातून तीनच दिवस काम. आत्याला तर घरीच बसवलं होतं. मग मालकांच्या डोक्यात आलं, लोक जुन्यासाठी जीव टाकतात, तर जुनंच पुन्हा काढू. म्हणून 'तारेवरची राणी' पुन्हा निघाली. हो, बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात आहे तेच मशीन. आता दोन पाळ्या चालतात, आत्या परत आली. काही बहाद्दर तर नवं मशीन खोक्यातून न काढताच चढ्या भावाने पुढे विकतात. खेळायचंय कोणाला!

आणि जुनीचं काय झालं ते तू लिहिलंसच. तो टकलू व्यापारी दर वर्षी यायचा, काचेवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "मास्तर, आकडा बोला." बाबा नुसते हसायचे. दुकानाची भाड्याची जागा मालकाने विकायला काढली की राणी विकायची आणि त्या पैशांत जागा घेऊन तुझ्या नावावर करायची, हे त्यांनी पक्कं केलं होतं. दुरुस्तीच्या कामात हात तुझाच बसलाय, माझा कुठला. आता जागा निघाली, तर टकलू म्हणतो, "कोरी करकरीत मिळतेय, ही झिजलेली कोण घेणार?" तो देतोय त्यात दुकानाचं दारसुद्धा येणार नाही.

फळीवर रंगवलेल्या राणीचा डावा पाय आठवतो तुला? गोळी आदळून आदळून तिथला रंग उडाला होता. बाबा बारीक ब्रशने पाऊल रंगवत होते आणि नऊ वर्षांचा मी बॅटरी धरून अखंड बडबडत होतो. त्यांची मोजणी चुकली आणि राणीला सहा बोटं झाली. तू हसून हसून स्टुलावरून पडलीस. बाबांनी पुसायला फडकं उचललं, मग खाली ठेवलं. म्हणाले, "राहू दे. हे धाकट्याचं बोट."

तू लिहिलंस की, बाबा टकलूकडे नवी राणी बघायला गेले, काचेवर वाकून बराच वेळ उभे राहिले, घरी येऊन जेवले नाहीत, आणि "धाकट्याची नोकरी पक्की झाली असेल" एवढंच बोलले. तेव्हापासून दुकान उघडत नाहीत. असं का म्हणाले रे, असं तू विचारलंस. सांगतो. कारखान्यात राणीचा एकही मूळ नकाशा उरला नव्हता. साहेब म्हणाले, अस्सल फळी कोणी गिरवून आणली तर त्याला कायम करू. गेल्या वर्षी मी चार दिवस आलो होतो ना, आपणहून दुकान झाडत होतो, आणि तू म्हणालीस, किती गुणाचा झालाय. त्याच दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर मी काच काढली, पातळ कागद पसरला आणि सगळी फळी गिरवून घेतली. पाऊलही गिरवलं. सहा बोटांची डोळ्यांना इतकी सवय, की पाच हवीत हे सुचलंच नाही. आता रोज माझ्यासमोरून राण्या जातात, आणि प्रत्येकीला ते बोट आहे. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस, त्यांना कळलंय. जागा तुझी गेली, म्हणून तुला लिहिलं.

तुझाच, अजूनही म्हणशील तर,
धाकटा