मुलींचं कॉलेज मी का निवडलं

प्रिय दादा,

परवा फोनवर लेकीबद्दल बोलताना तू केवढा खुशीत होतास! “चिमणी अगदी तुझ्यावर गेलीय. एवढे मार्क मिळूनही मुलींच्याच कॉलेजचा हट्ट धरून बसलीय,” म्हणालास. मी नुसतं ‘हं’ केलं. तुझ्या तोंडावर बोलणं मला कधी जमलंच नाही.

मी ते कॉलेज का घेतलं, याची कारणं आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. घराजवळ, वातावरण शांत, शिकवणाऱ्या बाई चांगल्या. आई पाहुण्यांना हेच सांगायची आणि मी मान डोलवायचे. मला रसायनशास्त्र शिकायचं होतं रे! मोठ्या कॉलेजची प्रयोगशाळा बघून आले, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. पण तुझा जिवलग मित्र तिथे नुकताच शिकवायला लागला होता.

बारावीला तो मला घरी येऊन शिकवायचा. तू बाहेर मॅच बघत असायचास आणि आत मी त्याच्या हातापासून खुर्ची सरकवत भिंतीला टेकायचे. शेवटी तुला सांगितलं. “काहीतरीच काय! तो तुला बहीण मानतो,” म्हणून तू हसलास, आणि त्याच संध्याकाळी त्याला जेवायला बोलावलंस. मीच वाढलं त्याला.

मुलींच्या कॉलेजात विज्ञान नव्हतं. इतिहास घेतला. तिथल्या पोरी बाकावर पाय पसरून खिदळायच्या, वर्गात बाईंशी तावातावाने भांडायच्या. ज्या हौसेने आल्या, त्यांचं सोनं झालं. मी जीव मुठीत धरून आले होते. आज शाळेत पोरांकडून सनावळ्या घोकून घेते आणि लोक म्हणतात, बाईंना इतिहासाची भारी आवड!

काल चिमणीचा फोन आला. “आत्या, मुलींच्या कॉलेजात काका शिकवायला येत नाहीत ना?” एवढंच विचारलं आणि रडायलाच लागली. तोच येतो ना हल्ली तिला शिकवायला? तुझ्याच घरी, तुझ्याच शब्दावर? मी वहिनीला सगळं सांगितलं. आज सकाळी दोघी माझ्याकडे आल्या. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर आम्ही तिघी पोलिसांत तक्रार देऊन आलेल्या असू. त्यात माझंही नाव आहे. चिमणीने कुठलं कॉलेज घ्यायचं, ते ती नंतर ठरवेल. तिला भेटायला ये, पण आधी त्याच्याकडे जाऊन येणार असशील, तर माझं दार तुला बंद आहे.

इतकी वर्षं तुझीच म्हणून गप्प बसलेली,
धाकटी